नव्या इमारतींचा जामीनदार

दामूअण्णा गेल्याची बातमी मला आगाशीच्या बाजारात केळीवाल्या मावशींनी दिली. "तुमचे वाचनालयवाले अण्णा गेले ना सकाळी," म्हणाल्या. भाजीची पिशवी तिथेच विसरून मी घरी आलो. महिना झाला, तरी रविवारी सकाळी दार वाजलं की तेच असावेत असं वाटतं...

आमच्या जुन्या वाचनालयाचा नियम कडक होता. नव्या सभासदाला गावातला जुना सभासद जामीन हवा, आणि पुस्तक परत आलं नाही तर जामीनदाराने घरी जाऊन ते आणायचं. नव्वदच्या दशकात आम्ही साताऱ्याहून इथल्या नव्या इमारतीत आलो, तेव्हा गावात आम्हाला कुत्रंसुद्धा ओळखत नव्हतं. अण्णा तेव्हा अध्यक्ष. केळीच्या बागेतून तसेच मातीच्या पायांनी आलेले. माझा अर्ज त्यांनी उलटसुलट पाहिला आणि जामिनाच्या रकान्यात स्वतःचीच सही ठोकली. मग काय, एकेक करत सगळ्या इमारतीच त्यांच्या गळ्यात पडल्या! दर रविवारी अण्णा जिने चढत, राहिलेली पुस्तकं गोळा करत. "वहिनी, आधी पानी द्या, पुस्तक मंग," म्हणत, आणि पुस्तक कसं वाटलं हे ऐकल्याशिवाय उठत नसत.

जुन्या मंडळींना हे रुचेना. उद्या हे उपरे वाचनालयच ताब्यात घेतील, अशी कुजबुज सुरू झाली आणि वार्षिक सभेत अध्यक्षपदाची निवडणूक लागली. "अण्णा, निश्चिंत राहा, आम्ही आहोत," असं आम्ही छातीठोकपणे सांगितलं. सभा रविवारी दुपारी होती. मी जेवून आडवा झालो. म्हटलं, माझ्या एका मतावाचून काय अडतंय? शेजाऱ्यांनीही तेच म्हटलं असावं. अण्णा मोजक्या मतांनी पडले.

संध्याकाळी तोंड लपवतच त्यांच्याकडे गेलो. "अरे, तुला वाचायला घेतला होता, मत द्यायला नाय," एवढंच म्हणाले. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पुढच्या रविवारी ते पुन्हा जिना चढून आले. अध्यक्षपद गेलं, तरी जामीन तेच होते ना!

आज त्याच वाचनालयाचा मी अध्यक्ष आहे. शोकसभेला सभागृह भरून ओट्यापर्यंत माणसं उभी होती, बहुतेक इमारतींतली. जो तो अण्णांच्या मोठेपणावर भरभरून बोलला. माझी पाळी आली तेव्हा लिहून नेलेलं भाषण मी खिशातच ठेवलं. म्हटलं, "त्या सभेच्या दुपारी मी घरी झोपलो होतो." मग मागच्या रांगेतून एक हात वर झाला. मग दुसरा... मग ओट्यावरचेही. मी ते मोजले नाहीत. पण तेवढ्या हातांनी अण्णा आरामात निवडून आले असते.