मिक्सरमधला हात

माझा मोठा भाऊ रोह्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात कामाला आहे. त्याच कारखान्याचं एक काम आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीकडे आलं. पावडर ढवळणाऱ्या मिक्सरवर कॅमेरा बसवायचा; आत कुणाचा हात दिसला की मशीन आपोआप थांबलं पाहिजे. चित्रातला हात ओळखणारं सॉफ्टवेअर निवडायचं काम माझ्याकडे आलं. दादा त्याच मिक्सरवर शिफ्ट करायचा.

पेणला, आमच्या रामवाडीच्या ऑफिसात दोन पर्याय तपासले. एक इंटरनेटवरून दूरच्या सर्व्हरला चित्र पाठवून उत्तर आणायचा. दुसरा मशीनशेजारच्या कॉम्प्युटरवरच चालायचा. टेबलावर हात ठेवला की दोन्ही त्याभोवती हिरवी चौकट काढायचे.

मग रोह्याला चाचणी झाली. मिक्सरचा मुख्य स्विच बंद करून कुलूप लावलेलं, किल्ली माझ्या मुठीत. तरी दादाने कोपरापर्यंत हात आत घातला आणि मी मुठीतली किल्ली पुन्हा चाचपली. पहिल्या सॉफ्टवेअरची चौकट उमटली ती दादा हात बाहेर काढून पुसायला लागल्यावर. तिथे नेट रखडत होतं.

दुसऱ्याने उघडा हात लगेच पकडला. मग दादाने रोजचे, पावडरने पांढरे झालेले हातमोजे घातले.

"दिसला का गो?"

"नाय."

त्याने पात्यांमध्ये बोटं हलवली. "आता?"

"नाय दिसत. दादा, काढ हात."

"मशीन बंद हाय गो," तो हसला.

मला ते माहीत होतं. तरी त्याने हात काढेपर्यंत मी स्क्रीनकडे वळले नाही.

मी दुसरं निवडलं, कारण त्याला नेट लागत नव्हतं आणि ते शिकवता येत होतं. पांढऱ्या हातमोज्यांचे ढीगभर फोटो काढून त्याला शिकवलं. ते बरंच सुधारलं, पण मधूनच एखादा हात सुटायचा. घरी दादा भात कालवायला लागला की मी त्याच्या बोटांकडे बघत बसायचे.

शेवटी कारखान्याच्या मॅनेजरसमोर मी म्हटलं, "सर, नुसत्या कॅमेऱ्यावर भरवसा ठेवू नका. झाकण उघडताच वीज तुटेल असा स्विच आधी बसवा."

"म्हणजे तुमच्या सॉफ्टवेअरची तुम्हालाच खात्री नाही?"

"नाही."

शेजारी बसलेले आमचे साहेब खाली बघू लागले. काम गेलं, कदाचित नोकरीही, असं मला वाटलं. मग मॅनेजरनी देखभालीच्या माणसाला बोलावून घेतलं.

आधी स्विच बसला, नंतर कॅमेरा. भीती मात्र गेली नाही. दादा कामावर असताना रोह्याहून फोन आला की उचलायला धीर होत नाही. परवा असाच आला. दादाच होता, वैतागलेला.

"झाकण नीट लागत नाय. तुझ्या त्या स्विचमुळं मशीन सकाळपासून बंद पडलंय."

"पडू दे," मी म्हटलं, आणि खुर्चीत बसले.