मढच्या चर्चमधल्या भुताची भेट

वर्सोव्याच्या धक्क्यावरून मढची तर (खाडी ओलांडून नेणारी होडी) सुटली, तेव्हा भुतापेक्षा मला होडीचीच भीती जास्त वाटत होती. मी मिरजेचा. पाणी पाहिलं ते कृष्णेचं, तेही घाटाच्या पायरीवर बसून.

सोबत इनास होता. अंधेरीच्या कचेरीत आमची टेबलं शेजारी. "भूत आमच्यातलं आहे, यार," तो म्हणाला, "गावातल्या प्रत्येकाला ओळखतं. तू घाटावरचा, त्यात हिंदू. तुझ्या वाटेला जाणार नाही."

प्रकरण गंभीर होतं. रविवारी इनासच्या बहिणीचं, फिलूचं, लग्न गावच्या जुन्या पोर्तुगीज चर्चमध्ये ठरलेलं. आणि तिथे भर दुपारी पांढराफटक पाद्री दिसू लागला होता. खरा पाद्री पलीकडच्या गावाहून फक्त रविवारी येई. बातमी मुलाकडे, वाकोल्याला पोचली आणि व्याही बिथरले : झपाटलेल्या जागी सून उभी करणार नाही, लग्न वाकोल्याला लावा. इनासची आई, तेरेजमावशी, अडून बसली. तिचा नवरा त्याच चर्चच्या आवारात पुरलेला. बापाला सोडून पोरीचं लग्न दुसरीकडे लावायचं असेल, तर लग्नच नको, असं तिने सांगून टाकलं होतं. म्हणून भुताची शहानिशा करायला इनासने मला आणलं होतं.

मढला उतरताना फळीवरून माझा पाय सटकला आणि मी कंबरेपर्यंत चिखलात गेलो. सुकत घातलेल्या बोंबलांपाशी बसलेल्या बायका पोट धरधरून हसल्या. घरी मावशीने मला नवऱ्याचा पांढरा सूट काढून दिला. कोट गुडघ्यापर्यंत आला. मग तिने फुगे (नारळाच्या दुधातल्या पिठाचे तळलेले गोळे) वाढले. सोबतच्या वाटीत कोंबडी होती. मी शाकाहारी असल्याचं ऐकून ती म्हणाली, "रस्सा तरी खा. उपाशी माणसाला भूत लवकर धरतं." मी रस्सा खाल्ला.

दुपारी अर्धा गाव आम्हाला पोचवायला आला आणि चर्चच्या फाटकापाशी थांबला. इनासही थांबला. "मी इथून लक्ष ठेवतो," तो म्हणाला.

बाजूचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत गारवा, मेणाचा वास आणि छताखाली कबुतरं. कोपऱ्यात पापं कबूल करायची लाकडी खोली होती. तिच्यातून खर्जातला आवाज येत होता. थोडा वेळ ऐकल्यावर मला तो ओळखीचा वाटला. आमचे काका असेच घोरतात.

"कोण आहे आत?" मी विचारलं.

पडदा सरकला. चुन्यासारखा चेहरा, भोवती काळी वर्तुळं काढलेले डोळे, अंगात पाद्र्याचा झगा. त्याने माझा पांढरा सूट खालून वरपर्यंत पाहिला आणि जी किंकाळी फोडली, तिने कबुतरं उडाली.

"मेलंय! मेलंय रे मेलंय!" असं ओरडत ते भूत दाराकडे पळालं.

मीही पळालो. उघडं दार एकच होतं, त्यामुळे आम्ही दोघे एकदमच त्यात अडकलो. बाहेर कोणीतरी म्हणालं, "बघा, स्वतःच सांगतंय मेलो म्हणून!"

त्याचं नाव सावंत. कोकणातला, राहणार नाहूरला. गिरणीतलं काम सुटल्यावर सिनेमात मिळेल ते काम करायचा. जवळच्या बंगल्यात शूटिंग चाललं होतं आणि त्याला मेलेल्या पाद्र्याचं काम होतं. पण हिरो येतच नव्हता. रोज सकाळी तोंड रंगवायचं आणि वाट बघायची. "बंगल्यात आमका बसाक देणत नाय," तो धापा टाकत म्हणाला, "हय थंड वाटता."

लोक हसू लागले. तेरेजमावशी मात्र पुढे आली. तिचा चेहरा उतरला होता.

"म्हणजे मी रोज येऊन बोलायचे, ते तुझ्याशी?"

कोणालाच हे ठाऊक नव्हतं. तिला वाटलं होतं, पडद्याआड आपला नवराच आहे. फिलू बस डेपोत कामाला असलेल्या वाकोल्याच्या पोराला द्यायची का, हे तिने त्यालाच विचारलं होतं, आणि आतून "हं" आलं होतं.

"मी झोपेत होतंय, बाये," सावंत मान खाली घालून म्हणाला.

"मग आता जागेपणी सांग. देऊ?"

सावंत भांबावला. मग तसाच रंगलेल्या तोंडाने पायरीवर बसला आणि नीट चौकशी करू लागला. पोरगा पितो का? आईवर हात उगारतो का? त्याला स्वतःला दोन मुली होत्या. "फिलू काय म्हणता?" त्याने शेवटी विचारलं. फिलू गर्दीतच होती. लाजून "हो" म्हणाली.

"देवन टाक," सावंत म्हणाला. मावशीने डोळे पुसले.

वाकोल्याच्या व्याह्यांना निरोप गेला की भूत सिनेमातलं आहे. त्यांची एकच अट आली : हिरो लग्नाला येईल का?

हिरो आला नाही. लग्न मात्र तिथेच लागलं. सावंत धुतलेल्या तोंडाने आला, तर त्याला कोणी ओळखेना. जेवताना मावशीने त्याला विचारलं, "किती दिवस आहे रे तुझं शूटिंग?"

"हिरो येयसर (येईपर्यंत). इलो की एका दिवसाचा काम."

मावशीने गळ्यातला क्रूस चिमटीत धरला आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटली.

परतीच्या तरीत मी काठाला घट्ट धरून बसलो होतो. मिरजेला गेल्यावर सगळे विचारणार, भूत होतं का? नव्हतं, हे सांगणं सोपं आहे. पण मुलगी सासरी गेलेल्या घरात उद्या दुपारी मावशी एकटीच असेल, आणि तिला बोलायला सावंत राहावा, हिरो येऊ नये म्हणून मीही मनातल्या मनात हात जोडले होते, हे त्यांना कसं समजावू?