वैशाखातला पोळा

वलगावचे नत्थुजी माळी गाणं शिकले नव्हते, पण बँडाच्या बाबतीत त्यांना कोणी शहाणपण शिकवायची सोय नव्हती. अमरावतीतल्या लग्नांना हार आणि मुंडावळ्या पुरवण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती, आणि तेवढ्यात शहरातल्या एकूण एक बँडावर त्यांनी फुली मारली होती. लाल कोट झकास, वाजवणं भकास, असं ते तोंडावर सांगायचे. नवरदेवापुढे गोऱ्या पलटणीची चाल वाजवली तर तो लग्नाला निघालाय की लढाईला, हे कळणार कसं?

छत्तीस सालच्या माघात ते पातूरला बहिणीकडे जाऊन परत येत होते. अकोल्याला गाडीला वेळ होता, म्हणून जरा फिरायला निघाले. कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनाच्या मागे, कामगारांच्या खोल्यांपुढे, कुणाचा तरी साखरपुडा चालला होता आणि चौघेजण वाजवत होते. एकाकडे क्लॅरिनेट, एकाकडे चेपलेला पितळी कर्णा, शिवाय ढोल आणि झांजा. नत्थुजी नाक मुरडून पुढे जाणार, तोच पाय थबकले. वावरात तण निंदायला बसलेल्या बायका जे गाणं म्हणतात, तेच त्या क्लॅरिनेटमधून निघत होतं. बायका जिथे श्वास घेतात, तिथे वाजवणाराही श्वास घेत होता.

गाडी चुकली ती चुकलीच. वाजवणं संपल्यावर नत्थुजींनी क्लॅरिनेटवाल्या देवीदासला गाठलं.

"हे कोन्या मास्तरापाशी शिकले तुमी?"

"मास्तर कायचा बाप्पा? माय निंदाले जाये, मी तिच्या मांगं बसो. तवाचं कानात आहे. आता जिनात कापूस वढतो अन् हे फुकतो."

"शयरात लग्नाले बोलावते का कोनी?"

"नाई. कोट नाई म्हंतात तुमच्यापाशी."

नत्थुजींनी मागचापुढचा विचार न करता सांगून टाकलं, "वैशाखात माह्या पोरीचं लगन आहे. तुमीच याचं."

घरी हे ऐकून त्यांच्या बायकोनं, रुख्मिणीनं, कपाळावर हात मारला. वच्छलाचं लग्न ठरलं होतं अमरावतीच्या उत्तमरावांच्या मुलाशी. उत्तमराव कचेरीत कारकून. गाव सुटल्याला बावीस वर्षं झालेली, आणि वऱ्हाडी बोली तर त्यांनी पार टाकूनच दिलेली. त्यांची मागणी एकच होती. "बँड आमच्या इभ्रतीला शोभेल असा हवा. नसेल तर वरात वेशीवरून परत जाईल." ही नुसती धमकी नव्हती. थोरल्या मुलाची सोयरीक त्यांनी पानसुपारीवरून मोडली होती.

"पोरीचं नशीब त्या चेपक्या कर्ण्याले काहून टांगून राहिले तुमी?" रुख्मिणी म्हणाली.

"तू आईक तं खरं एक डाव," एवढंच नत्थुजी बोलले.

लग्नाच्या दिवशी देवीदासची मंडळी धुतलेली धोतरं नेसून आणि गुलाबी पटके बांधून आली. वेशीवर नवरदेवाला नत्थुजींच्या बैलांच्या दमणीत, हलक्या गाडीत, बसवलं. उत्तमरावांनी चौघांना वरून खालपर्यंत न्याहाळलं.

"नत्थुजी, हा बँड?"

"वाजवू द्या थोडं. मंग बोला."

उत्तमराव खिशातलं घड्याळ काढून उभे राहिले. ते हलेनात, म्हणून मागची वरातही हलेना. देवीदासनं क्लॅरिनेट तोंडाला लावलं. घाबरलेला माणूस जे सगळ्यात पक्कं येत असेल तेच काढतो. त्यानं झडती धरली, पोळ्याचं गाणं. सजवलेले बैल तोरणाखाली उभे करून गाव जी म्हणतं, तीच. ती संपली की सगळे मिळून एक आरोळी ठोकतात, आरोळीसरशी पोळा फुटतो आणि बैल घराकडे पळतात. घरी त्यांना पुरणपोळी असते.

क्लॅरिनेट म्हणत गेलं, कर्णा मागून झेलत गेला. वरातीतल्या काळ्या टोप्या डोलू लागल्या. झडती शेवटाला आली, क्लॅरिनेट थांबलं, आणि त्या शांततेत एक खणखणीत आवाज उठला, "हर हर महादेव!"

आवाज उत्तमरावांचा होता.

बैल दुसऱ्या कशाची वाट पाहत नव्हते. वैशाख आहे की श्रावण, हे त्यांना कोण सांगणार? शेपट्या उंच करून ते सुटले, नवरदेवासकट, ते थेट मांडवाच्या दारातच थांबले. नवरदेव मुंडावळ्या सावरत उतरला, तेव्हा बायका हसून हसून बेजार झाल्या होत्या. मागून वरात धावत आली. सगळ्यात पुढे उत्तमराव, एकाच पायात जोडा.

नत्थुजींनी डोक्याचं पागोटं काढून हातात घेतलं आणि ते व्याह्यांच्या पायावर ठेवायला पुढे झाले. आपल्या हौसेपायी पोरीचं वाटोळं झालं, याची त्यांना खात्रीच पटली होती. उत्तमराव त्यांच्या बाजूनं निघून बैलांपाशी गेले. एकाच्या मानेवर हात ठेवून धापा टाकत उभे राहिले. डोळे भरून आले होते आणि ते पुसायचं त्यांना सुचलं नाही.

"इवाई," ते म्हणाले, "मी लहान होतो तं माह्या बापाच्या बाजूनं उभा राहून असाच वरडो. मले वाटे, मी इसरलो."

मग ते रुख्मिणीकडे वळले. "इहीनबाई, पायता काय? पोया फुटला, यायले पोयी आना!"

पंगतीसाठी केलेल्या पुरणपोळ्यांतल्या पहिल्या दोन रुख्मिणीनं बैलांना चारल्या, आणि त्यानंतर मंगलाष्टकं सुरू झाली.