भोंग्यावर ऐकू येणारं सॉफ्टवेअर

आमच्या घरी रॅप तयार होतं ते धानाच्या पोत्यांच्या खोलीत. एटापल्लीत स्टुडिओ विचारलात तर लोक तुम्हाला फोटोवाल्याकडे पाठवतील. पोत्यांमुळे आवाज घुमत नाही हा शोध माझा, आणि त्याचा मला अजूनही गर्व आहे. धाकटी बहीण लिहिते आणि म्हणते. मी बीट बनवतो आणि शेवटी दोन्हीचं मिक्सिंग करतो. एरवी मी झेरॉक्सच्या दुकानात असतो, ती गडचिरोलीला नर्सिंग शिकते, म्हणून हा कारखाना फक्त तिच्या सुट्टीत चालतो.

त्या सुट्टीत तिनं आजीवर रॅप लिहिलं. आजी म्हणजे बाबांची आई, उन्हाळाभर तेंदूपत्ता तोडायला जंगलात जाणारी. गाण्यात ती पन्नास-पन्नास पानं मोजून पुडकी करते. बहिणीला ती आठवतही नाही. लिहिलं ते सगळं बाबांनी जेवताना कधीमधी सांगितलेलं, आणि नेमकं बाबांनाच रॅप कळायचं नाही. ते गायन मंडळात पेटी वाजवतात, दर जयंतीला गातात. बहिणीचं ऐकून त्यांचं एकच म्हणणं असायचं, "पोरगी बोलते का मशीन चालवते? एक शब्द पकडता नाई येत."

ती हसून सोडून द्यायची. पण यंदा जयंतीला विहारासमोर हे गाणं वाजवायला समितीनं होकार दिला, तेव्हा मला म्हणाली, "दादा, बाकीचं जाऊ दे. हे तरी बाबाले समजलं पायजे." आता आली का पंचाईत! लिहून ती मोकळी झाली, आणि शब्द बाबांपर्यंत पोचवणं माझ्या गळ्यात पडलं.

मिक्सिंगसाठी माझ्यापुढे तीन सॉफ्टवेअर होती. पहिलं चंद्रपूरच्या एका मित्रानं सुचवलेलं, मोठमोठे लोक वापरतात ते. दिसायला राजेशाही, पण उघडताना दर वेळी नेटवर जाऊन परवानगी मागायचं. आमच्याकडे वारा सुटला की नेट जातं. दोन दिवस मी त्याच्या परवानगीची वाट पाहिली आणि त्याला रामराम ठोकला. दुसरं फुकट, अगदी साधं, सगळीकडे करड्या रंगाच्या चौकटी. बहीण म्हणाली, "हे तं तलाठी ऑफिससारखं दिसून राह्यलं." तिसरं मोबाईलवरचं. त्यात एक बटण होतं, दाबलं की आवाज रुंद होतो. इयरफोन घालून ऐकलं तर बहीण दोन्ही कानांशी उभी राहून बोलते आहे असं वाटायचं. आम्ही दोघं खूश. चार दिवस इयरफोनमध्ये ऐकून ऐकून गाणं पक्कं केलं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी मंडळाची चाचणी होती. मंडळाची एक जुनी रीत आहे. एक जण गमछा घेऊन मैदानाच्या पार टोकाला, जिथे शेवटची माणसं बसतात तिथे, जाऊन उभा राहतो. शब्द कळला तर गमछा वर, नाही कळला तर आडवा. गमछा वर जात नाही तोवर गाणं कार्यक्रमाच्या यादीत पक्कं होत नाही. त्या दिवशी टोकाला बाबाच होते. आमचं गाणं भोंग्यावर लागलं आणि ठेका सुरू झाला. बीट छान वाजत होता, आणि बहीण गायब! तळ्याच्या पलीकडून कुणी कुजबुजावं तेवढाच आवाज. बाबांनी गमछा आडवा केला, परत आडवा केला, आणि खांद्यावर टाकून चालत आले.

"पाह्य, मी म्हटलं होतं नं," ते म्हणाले. वाईट म्हणजे त्यात जराही चिडणं नव्हतं. बहिणीनं गाण्याचा कागद घडी करून पर्समध्ये टाकला, ते मला फार लागलं.

चूक माझी होती. भोंगा दोन्ही कानांचा आवाज एकत्र करून एकाच तोंडानं बोलतो. रुंद करणाऱ्या त्या बटणानं एका कानाला दिलेला बहिणीचा आवाज दुसऱ्या कानातल्या आवाजाच्या अगदी उलटा होता. दोन्ही एकत्र आले की एकमेकांना खाऊन टाकायचे. चार दिवसांत एकदाही मी गाणं भोंग्यावर ऐकलं नव्हतं. अख्खा तालुका भोंग्यावर गाणी ऐकतो आणि मी इयरफोनवाल्यांसाठी मिक्सिंग करत बसलो होतो!

मग त्या तलाठी ऑफिसालाच शरण गेलो. त्यात दोन्ही बाजू एकत्र ऐकवणारं बटण अगदी डोळ्यांसमोर होतं. बहिणीचा आवाज मधोमध आणला, बीट खाली दाबला. माझा सगळ्यात लाडका ढोल बारीक करताना जिवावर आलं, पण केला. संध्याकाळी टोकाला मंडळातला दुसरा एक जण उभा राहिला, गमछा वर गेला आणि गाणं यादीत राहिलं.

जयंतीला गाणं लागलं तेव्हा बाबा गर्दीच्या मागे उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही, माझी हिंमत झाली नाही. गाणं संपलं, टाळ्या वाजल्या, बायकांनी बहिणीला घेरलं. त्यांच्यातून वाट काढत बाबा पुढे आले. चेहरा गंभीर.

"पुडक्यात पन्नास पानं नसतेत," ते तिला म्हणाले. "सत्तर असतेत. माय मोजे, अन् मी बांधो."

बहीण एरवी भाजीतल्या मिठावरूनही वाद घालते. त्या वेळी तिनं एवढंच विचारलं, "बाबा, तुमाले समजलं?"

"समजलं म्हणून तं सांगून राह्यलो. मायचं हाये, चुकलं नाई पायजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोत्यांच्या खोलीत आम्ही तेवढा एक शब्द पुन्हा रेकॉर्ड केला. बाबा पोत्यावर बसून होते. सत्तर म्हणताना बहिणीचा आवाज तीनदा फुटला, आणि तिन्ही वेळा बाबाच म्हणाले, "घाई नको करू, परत म्हण."