सुकेर्तीनं नवऱ्याला हाक मारली

किनाऱ्यावर छत्र्यांच्या रांगेत सुकेर्ती आणि मी शेजारीशेजारी बसतो, परदेशी पाहुण्यांचे पाय चोळत. बोलायला मी, हसायला ती. पण नवऱ्याचं नाव निघालं की बाई दगड. तिचा नवरा रेंतांग पाहुण्यांना प्रवाळ दाखवायला होडी घेऊन गेला. होडी उलटली, पाहुणे वाचले, हा आलाच नाही.

देह सापडला नाही तर आम्हा बालीकरांत बायको किनाऱ्यावर उभी राहून हाक मारते. आत्मा चंदनाच्या पुतळ्यात येतो, त्याला घरी नेतात, मग अग्नी देतात. सुकेर्ती हाक मारायलाच तयार नव्हती.

"हाक मेलेल्याला मारतात," ती म्हणायची. "माझा कुठे मेलाय?"

यंदा गावातल्या सगळ्या मेलेल्यांचं सामूहिक दहन ठरलं. पुन्हा कधी होईल, देव जाणे. सासू, म्हणजे आमच्या बोलीत मेमे, आई, अंथरुणाला खिळलेली. "पोरी, माझं लेकरू पाण्यात कुडकुडतंय गं," ती रोज विनवायची. "सोड त्याला."

शेवटी माझं डोकं फिरलं. "अगं, म्हातारीचा जीव टांगणीला लागलाय! तुला काही वाटतं की नाही?"

"आणि तो परत आला तर?"

"तर मी त्याला शिव्या घालीन. आधी तू चल!"

किनाऱ्यावर पुजाऱ्यानं तिला बजावलं, रडायचं नाही, जाणाऱ्याची वाट अडते. आजूबाजूला पाहुणे खुर्च्यांवर उताणे पडलेले. एकजण कॅमेरा घेऊन धावत आला. मेल्याचा कॅमेरा पाण्यात भिरकावावा असं वाटलं मला.

सुकेर्ती आधी पुटपुटली. मग एकदम ओरडली, "अहो, पुरे झालं आता! घरी या! मेमे वाट बघून थकली!"

पुतळा सासूच्या मांडीवर ठेवला. "आलास होय रे? केवढा वाळलास!" म्हणत मेमे त्याला कुरवाळत बसली. कितीतरी महिन्यांनी त्या दिवशी ती पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी दहन झालं. सुकेर्तीच्या डोळ्यांत टिपूस नाही. राख समुद्रात सोडून परतताना मला राहवेना. "झालं गं सगळं. रड आता. मोकळी हो."

ती वाटेतच खाली बसली.

"कधी एका हाकेत आला नाही गं तो," ती म्हणाली. "जेवायलासुद्धा दहादा ओरडावं लागायचं. काल मात्र लगेच आला. आणि मी त्याला आगीत घातलं."

मी तिला उठवायला हात पुढे केला होता. तो तसाच राहिला.