दोन सालांची एकच चव

माझी जीभ तिखट आहे असं सासरची माणसं सांगतात. सांगू देत. त्याच जिभेच्या भरवशावर माझे बाबा आपली काजूची फेणी गिऱ्हाइकाला देत, आणि कधी कुणाची तक्रार आली नाही.

आमचं गाव पेडणे तालुक्यात. गावामागचा एक डोंगर आमचा होता. डोंगर म्हणजे काही सह्याद्री नव्हे, आपली एक उतरती टेकडी, पण वरपासून खालपर्यंत काजू. पायथ्याला ओहोळ, ओहोळाच्या कडेला भट्टी. बाबांना पोटाचं दुखणं होतं आणि डॉक्टरांनी थेंबालाही बंदी केली होती. म्हणजे बघा, फेणी गाळणारा माणूस आणि त्यालाच चाखायची सोय नाही! धाकट्या भावाला ते हे काम देईनात, कारण तो चाखत नसे, पीत असे. उरले मी. कॉलेजात जायला लागले तेव्हापासून मोसमात भट्टीवर माझी हजेरी ठरलेली. बाबा भट्टीतून पडणाऱ्या धारेतले दोन थेंब माझ्या तळहातावर टाकायचे. मी हात चोळून हुंगायची, मग करंगळीचं टोक जिभेला. "सांग," ते म्हणायचे. पोरीला दारू चाखवतात म्हणून आत्या कपाळावर हात मारून घ्यायची, "चेडवाक सोरो चाखवता हो! हिच्याशी लगीन कोण करतलो?" झालं लग्न. त्याच्याबद्दल पुढे येईलच.

बाबांना फेणी बरी की वाईट हे माझ्याकडून ऐकायचं नसायचं. त्यांना साल ऐकायचं असायचं. थंडी लांबली की मोहोर दमाने येतो, बोंडू, म्हणजे काजूची फळं, उशिरा पिकतात, आणि ती फेणी सुरुवातीला अबोल असते, पण ठेवली की खुलत जाते. मोहोरावर सकाळी सकाळी धुकं बसलं तर अर्धा मोहोर काळा पडतो. उरलेल्या फळांची फेणी घशाला ओढते, तुरट लागते, तिला माणसात यायला दोन-तीन वर्षं द्यावी लागतात. मार्च-एप्रिल कोरडा गेला, ऊन कडक पडलं, की बोंडांत साखर भरते. ती फेणी पहिल्या दिवसापासून गोड बोलते, सगळ्यांना आवडते आणि लवकर संपते. आणि अवकाळी पाऊस आला तर मग काय विचारता! बोंडू पाणी पिऊन फुगतात, खाली पडून फुटतात, रस पाणचट होतो. फेणी होते, पण तिचा वास उंबऱ्याबाहेर येत नाही. हे सगळं मी जिभेवरून सांगायची आणि बाबा डोळे मिटून ऐकायचे, पंचांग ऐकावं तसे.

दोन सालं कधी एकसारखी लागली नाहीत. कधीच नाही. बाबा म्हणायचे, सारखी लागली तर खुशाल समज, भट्टीवाल्याने काहीतरी गडबड केली.

जाताना बाबा आम्हा दोघांना एकच बोलले, डोंगर मोडू नका. भावाने डोंगर राखणाऱ्या देवाच्या, राखणदाराच्या दगडाला हात लावून शपथ घेतली. दर मोसमात पहिली धार त्या दगडावर पडायची, त्यामुळे ती शपथ आमच्यात कोर्टापेक्षा मोठी. मी पणजीला एका हॉटेलात बारच्या खरेदीचं काम करते, मला पंचायतीच्या प्रत्येक कागदाला धावत जाणं शक्य नव्हतं. म्हणून भावाला मुखत्यारपत्र करून दिलं. त्यात काही वावगं वाटलं नाही. आपला भाऊ तो, परका थोडाच होता.

त्याने शब्द पाळलासुद्धा. निदान मला तसंच दिसत होतं. दर वर्षी मे महिन्यात गाववाल्या कुणाच्या तरी हातून एक बाटली यायची, कागदात गुंडाळलेली, बुचाला कापूस. आणि डिसेंबरपासून फोन. "ताय, थंडी पडली गो, मोहर बरो इलो." "ताय, धुक्यान वाट लावली." मी हॉटेलच्या गोदामात कार्टनं मोजता मोजता ते ऐकायची आणि माझा दिवस चांगला जायचा. माहेरी जाणं म्हणजे चवथीला, गणपतीचे दीड दिवस, तेही भर पावसात. त्या दिवसांत डोंगरावर कोण चढतं? भट्टी बंद, वाट निसरडी. माझं माहेर म्हणाल तर त्या बाटलीतूनच येत होतं.

बाटली आली की संध्याकाळी आमचे हे दोन पेले मांडायचे. ते वास्कोला बंदरावरच्या एका कंपनीत नोकरीला, माणूस तसा शांत. त्यांना फेणीतलं काही कळत नाही, पण माझ्याकडून शब्द उचलले होते. एक घोट घेऊन म्हणायचे, "धुक्याची दिसतेय." मी हसायची. नवरा आपल्या माहेरच्या डोंगराबद्दल बोलतोय, याहून बाईला काय हवं!

गेल्या वर्षीची गोष्ट. मार्चमध्ये भावाचा फोन, "ताय, पाऊस गो! बोंडू सगळे पाणयाळ." खरंच होता पाऊस, पणजीतही पडला होता. मे महिन्यात बाटली आली. मी थेंब तळहातावर घेतला, चोळला, हुंगला. आणि थांबले. वास भरून आला. गोल, पिकला, कुठे उणं नाही. पावसाच्या सालची फेणी आणि एवढा वास? मनाशी म्हटलं, शेवटच्या आठवड्यातल्या उन्हाची असेल, भावाने निवडून दिली असेल. माणसाला स्वतःला समजावता येतं, त्याला फार अक्कल लागत नाही.

जूनमध्ये हॉटेलात शॅम्पेनची शिकवणी झाली. वाईन आणणाऱ्या कंपनीचा एक तरुण आला होता, आम्हा बार-खरेदीवाल्यांना विकायचं कसं ते शिकवायला. फ्रान्सचा तो मुलुख थंड, तो सांगत होता. वसंतात कळ्या फुटल्या आणि वरून हिम पडलं की पीक गेलं. फुलोऱ्यावर पाऊस आला की घड विरळ. उन्हाळा तापला तर द्राक्षं पिकून जाड होतात, दारू भरलेली आणि मऊ लागते, पण आंबटपणा कमी, फार वर्षं टिकत नाही. थंड सालची दारू आधी करकरीत, जिभेला टोचणारी, पण तीच वर्षानुवर्षं जगते. मी मान डोलवत होते. घ्या, आमच्या बाबांना कुणी फ्रान्सला नेलंच नाही!

त्याने दोन पेले दिले, दोन वेगवेगळ्या सालांचे, आणि विचारलं, तापलेलं साल कुठलं. पहिल्या पेल्याला पिकल्या सफरचंदाचा वास होता आणि मागून पोदेराच्या भट्टीतला, ताज्या पावाचा. दुसरा लिंबाच्या सालीसारखा कडक. मी पहिला उचलून दाखवला. तो खूश झाला. मग म्हणाला, पण बाई, बहुतेक शॅम्पेनवर साल नसतंच. कंपन्या जुन्या सालांची दारू राखून ठेवतात आणि नव्यात मिसळतात. हिम पडो, ऊन पडो, चव दर वर्षी तीच. एकट्या सालची बाटली फक्त चांगल्या वर्षी निघते.

चव दर वर्षी तीच. बाकीचे टाळ्या वाजवत होते आणि मला बाबांचं बोलणं ऐकू येत होतं.

घरी आले ती तडक कपाटाशी. मी दर वर्षीच्या बाटलीतली थोडी राखून ठेवते. त्या मे महिन्यात आलेली काढली, तिच्या आदल्या सालची काढली. ते आदलं साल धुक्याचं, भावाने फोनवर तीनदा सांगितलेलं. तिने घशाला ओढायला हवं होतं. दोन्ही तळहातांवर दोन थेंब घेतले. डावा हुंगला, उजवा हुंगला. पुन्हा डावा. मग जीभ लावली. तीच गोलाई, तेच पिकलेपण, तोच शेवटी येणारा खडीसाखरेचा भास. धुक्याचं साल आणि पावसाचं साल, दोन्ही एकाच आईची लेकरं! त्याच्याही आदल्या वर्षीची काढली. ती आमची होती. बाबांचा डोंगर होता तिच्यात, थोडी धुराची, थोडी कडवट.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून पहिल्या बसने म्हापसा, तिथून पेडणे. घरी गेलेच नाही, थेट डोंगराची वाट धरली. वाट होती, डोंगर नव्हता. लाल माती पायऱ्यांसारखी कापून काढलेली, कडेने तारेचं कुंपण, आत खडी. ओहोळात सिमेंटचा पाइप. भट्टीच्या जागी रखवालदाराची पत्र्याची खोली. राखणदाराचा दगड मात्र तेवढा ठेवला होता, भोवती कुणीतरी पांढऱ्या लाद्यांचा कट्टा बांधून दिला होता. कशाची राखण करत बसला होता बिचारा, कुणास ठाऊक. एक झाड नाही हो. एक सुद्धा नाही. मी तिथे मोठ्याने रडले, रखवालदार बाहेर येऊन बघत राहिला.

भाऊ घरी ओसरीवर होता. मला अवेळी दारात बघून त्याला सगळं कळलं. इथे विमानतळ झाल्यापासून जमीन घेणारे मागे लागले होते, तो सांगू लागला. बोंडू गोळा करायला माणसं मिळत नाहीत. मुलं भट्टीवर फिरकत नाहीत. गावात प्रत्येकाने दिलं, मग आम्हीच काय म्हणून. गावात प्रत्येकाला ठाऊक होतं तर! दोन चवथी मी त्या गावात फुगड्या घातल्या, घरोघरी आरतीला गेले, आणि सगळे तोंडात मूग गिळून बसलेले. 

"आणि बाटली?" मी विचारलं.

"डिचोलीच्या दुकानातली. बरी असता ती. सगळी सालां मिसळून करतत." मग मान वर करून म्हणाला, "पण तुका कळला कसा गो? इतकी वर्सां पणजेक रवलंस, माका वाटला तुझी जीभ गेली असतली."

"शपथ घेतलेलीस रे, बाबू. दगडाला हात लावून."

"पाऊस मात्र खोटो नाय सांगलंय हां, ताय," तो एकदम कळवळून बोलला. "धुक्याचाही खरा. रोज सकाळी उठून बघी मी. खराच सांगलंय."

खरंच सांगत होता तो. थंडी खरी होती, धुकं खरं होतं, मार्चचा पाऊस खरा होता. फक्त त्याखाली झाडं नव्हती. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच असावं, आणि कापणारा माझ्यासमोर बसून डोळे पुसत होता.

मी उठले. पायरीवर येऊन मागे वळले, कारण एक गोष्ट आत्ता डोक्यात आली होती. आमच्या गोव्यात बायकोच्या माहेरची जमीन विकायची तर जावयाचीही सही लागते. मुखत्यारपत्र मी दिलं होतं. ह्यांनी नव्हतं दिलं.

"भावोजींनी स्वतः येवन केली," भाऊ जमिनीकडे बघत म्हणाला. "बाटलीचाही तेंनीच सांगलां. म्हणाले, बाटली आणि फोन बंद करू नको, नायतर तिका कळतला."

परतीच्या बसमध्ये मी आठवत बसले. एका सोमवारी हे वास्कोहून उशिरा आले होते, बुटांना लाल माती. मीच ते बूट पुसले होते.

संध्याकाळी मी दोन पेले मांडले. दोन्ही त्या मे महिन्यातल्या एकाच बाटलीतून भरले. "गेल्या सालची आणि यंदाची," म्हटलं, "सांगा कुठली कुठली." ह्यांनी डावा पेला घेतला, घोट घोळवला. "ही गेल्या सालची. धुक्याची. ओढतेय बघ घशाला." उजवा घेतला. "ही पावसाची. जरा पातळ आहे, वास कमी." मी पूर्ण बोलू दिलं. माझेच शब्द, माझ्या बाबांचे शब्द, एकही चुकला नाही.

"त्या सोमवारी वास्कोचं काम नीट झालं होतं ना हो?" मी विचारलं. "की पेडण्याचं?"

त्यांनी पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू होऊ दिलं असतंस?"

"नाही."

"म्हणूनच नाही सांगितलं."

एवढंच. वर तोंड करून! भावाने निदान डोळे तरी पुसले. मी दोन्ही पेले सिंकमध्ये ओतले, बाटली ओतली, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात मोजकंच बोलणं चालतं. संसार चालतो, भाकरी भाजली जाते, त्याला काय होतंय. डोंगराची शेवटची खरी बाटली मी माझ्या कपड्यांच्या कपाटात ठेवली आहे. त्या संध्याकाळनंतर पुन्हा उघडलेली नाही. उघडली की संपणार.

यंदा थंडी पौषापासून लागली ती फेब्रुवारी सरेपर्यंत हटली नाही. धुकं नाही, ढग नाही. मार्च कोरडा ठणठणीत, ऊन बोंडात साखर भरणारं. अशा सालाची बाबा जन्मभर वाट बघायचे आणि त्यांना ते एकदा-दोनदाच मिळालं. मी रोज सकाळी गॅलरीत उभी राहून आकाश बघत होते. बघायचं नाही म्हटलं तरी नजर जायचीच.

एप्रिलमध्ये भावाचा फोन आला, किती तरी महिन्यांनी. मी उचलला.

"ताय," तो हळूच म्हणाला, "यंदा साल सोन्यासारखा हा गो."

"कुणासाठी रे?" मी म्हटलं, आणि फोन ठेवला.