मामाने बांधाला पाडलेलं खिंडार

गप्प बसणं आमच्या मामाला जन्मात जमलं नाही. खाडीकाठच्या सरकारी ऑफिसात तो मजूर म्हणून लागला, तेव्हा पहिलं काम मिळालं खारफुटी तोडायचं. पडीक जागा म्हणे! मामाने गुडघाभर चिखलात उभं राहून जंगल भुईसपाट केलं आणि बांध घातला. आत कोळंबीची तळी झाली. पुढे कोळंबीला रोग पडला, तळीवाले पसार झाले. मग त्याच ऑफिसला साक्षात्कार झाला, खारफुटी लावा! मामाने कुऱ्हाड ठेवली, फावडं उचललं.

नव्या साहेबांना रोपं बांधाबाहेरच्या उघड्या चिखलात हवी होती. का, तर फोटो छान येतो. दर वर्षी दोरी धरून ओळी आखायच्या, पाहुण्यांना गमबूट घालायचे, रोपाशेजारी हसायचं. दोन महिन्यांत लाटा सगळं धुऊन न्यायच्या. पुढच्या वर्षी पुन्हा तोच चिखल, तेच दात.

"साहेब, तिथे बापजन्मात झाड नव्हतं," मामा म्हणाला. "बांध फोडा. भरतीबरोबर बिया आपोआप आत येतील."

"आपोआप?" साहेब दचकले. "मग आपण काय करायचं?"

एका दुपारी सगळे जेवायला गेलेले बघून मामाने बांधाला खिंडार पाडलं. चौथ्या वर्षी आत छातीएवढी खारफुटी उभी! साहेबांना पत्ता नाही, ते कॅमेऱ्याकडे बघण्यात दंग.

वरच्या ऑफिसातल्या बाई तपासणीला येणार म्हटल्यावर मात्र साहेबांना खिंडार दिसलं. "बुजव आधी! सरकारी बांध आहे!"

बुजवलं असतं तर पाणी कोंडून सगळी झाडं कुजली असती. मामाच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. मामीने हात जोडले, "अहो, एकदा तरी तोंडाला कुलूप लावा."

कसलं कुलूप! मामाने फावड्याला हातसुद्धा लावला नाही. बाईंनी विचारलं, "हे कोणी केलं?" तर साहेबांच्या आधी हाच बोलला, "मी. झाडं यामुळेच आलीत. बुजवू नका."

पंधरा दिवसांनी घरी आदेश आला. चष्मा मामीकडे, म्हणून तिनेच वाचला. एक, दूरदृष्टीच्या प्रयोगाबद्दल साहेबांचं अभिनंदन. दोन, खिंडार कोणीही बुजवू नये. तीन, सरकारी बांधाची नासधूस केल्याबद्दल सदर मजुराला कामावरून कमी करण्यात येत आहे. माझं डोकं असं फिरलं, की तो कागद टराटरा फाडावासा वाटला. मामी रडायलाच लागली.

"तिसरं राहू दे गं," मामा म्हणाला. "दुसरं परत वाच."